केमच्या चुलत्याचं सुतक

नागव्वाला चांगली बाई म्हणणारा माणूस मला दाखवा, त्याचा सदरा मी फुकट शिवून देतो. आमच्या चाळीत तरी असा कुणी नव्हता. शिवी आधी आणि नाव मागून, अशी तिची बोलायची रीत. माझं दुकान चाळीच्या बोळाच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक फळी, फळीवर मशीन आणि मशीनमागं मी, ज्ञानबा शिंपी. बोळातून जाणारं-येणारं प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जायचं. बाकीचे गुमान जायचे. नागव्वा थांबायची, आणि ऐन गिऱ्हाइकासमोर विचारायची, "ए शिंप्या, ह्या पोराच्या चड्डीला दोन पाय ठेवलंस न्हवं? मागल्या बारीला एकच व्हता!" आता अशा बाईला काय ओवाळायचं?

चाळ सोलापुरातली, गिरणीच्या भोंग्याखालची. एका खोलीत मराठे, शेजारी तेलुगू पद्मसाळी विणकर, पलीकडं कन्नड लिंगायत, टोकाला हुसेनबीचं घर. सकाळी नळावर चार भाषांत भांडण चालायचं आणि सगळ्यांना सगळं कळायचं. नागव्वा लिंगायत, मूळची दुधनीकडची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी हाकलली तशी सोलापूरला आली. दात पडेपर्यंत गिरणीत खपली आणि नंतर घरी बसून शेजारच्या पद्मसाळी नरसव्वाच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. मागं-पुढं कुणी नाही, हे ती अशा तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी नसणं ही हिनं घाम गाळून केलेली कमाई आहे.

हिचा एक नाद होता. सकाळी दारात बसून मिसरी लावायची आणि कौलांकडं बघत राहायचं. कुणाच्या घरातून धूर निघाला, कुणाच्या नाही. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा, ही रीत आमच्याकडं सगळ्यांचीच. हुसेनबीकडंसुद्धा तीच. तर एखाद्या घरातून धूर नाही आणि आतून रडणं ऐकू आलं, की नागव्वा मिसरीचं बोट पदराला पुसायची आणि बुट्टी काढायची. बुट्टी म्हणजे वेताची मोठी टोपली. टोपली माझी होती, कापडं ठेवायची. एकदा नेली ती परत दिली नाही. मागितली तर म्हणाली, "तू मेलास की तुझ्या घरी भरून आणंन."

दारोदार फिरून ती घरटी एक भाकरी घ्यायची. घ्यायची कसली, वसूल करायची. आणि भाकरी बुट्टीत पडली की ती बुट्टीची. कुणाच्या घरची, कुणाच्या हातची, हे विचारायचं नाही. आमच्या बजाबाईनं, म्हणजे माझ्या कुटुंबानं, एकदा शहाणपणा केला. आपल्या भाकरीवर अंगठ्यानं खूण केली, पुढंमागं कळावी म्हणून. नागव्वानं ती भाकरी बाहेर काढली, बजाबाईच्या तोंडासमोर धरून कडाकडा मोडली आणि मग बुट्टीतल्या सगळ्याच मोडल्या. आमची भाकरी कडक, मोडली की असा आवाज होतो की सगळ्या चाळीला कळावं. "आता वळख तुझी!" म्हणाली. तेव्हापासून बुट्टीत तुकडेच जायला लागले.

तिसरा दिवस होईपर्यंत बुट्टी जायची. बुट्टी उचलणाऱ्यानं त्यातला तुकडा तोंडात टाकायचा नाही, आणि भरली बुट्टी मयताच्या दारातून माघारी आणायची नाही. आणली तर दुसरं मयत होतं. हे नियम कुठल्या पोथीत आहेत ते तिला विचारा. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या धर्मात सुतकच नाही. गळ्यात लिंग, मेला तो शिवाकडं गेला, विटाळ कसला! मी एकदा म्हटलं, "मग दुसऱ्याच्या सुतकात तू एवढी का नाचतेस?"

"तुमी पाळता न्हवं? मग गप पाळा की. माझी पंचाईत कशाला?" झालं. सदऱ्याला काजं करायची सोडून मी हिच्याशी वाद घालायला गेलो, चूक माझीच.

तर असं सगळं चाललं होतं आणि मंदी आली. बत्तीस-तेहतीस सालची गोष्ट. माल उठेना, आणि एक दिवस गिरणीनं दाराला कुलूप घातलं. भोंगा बंद. आधी पोरांना बरं वाटलं, आई-बाप दिवसभर घरी. मग डब्यातलं पीठ संपायला लागलं.

शहरातल्या थोर मंडळींनी एक सेवा मंडळ काढलं. चिटणीस वेणीमाधवराव. काळी टोपी, छत्री, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. मारुतीच्या देवळापुढं ज्वारी वाटायचे. वाटायचे खरं, पण आधी रांगेत उभं करायचे. मग वेणीमाधवराव स्वच्छतेवर बोलायचे. मग ताडी पिणार नाही अशी शपथ. जो कधी पीत नव्हता त्यालाही शपथ. मग 'आम्ही उपकृत आहोत' असं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं आणि तेव्हा कुठं पदरात ज्वारी पडायची. ऐकून ऐकून माणसाला खरोखरच ताडी प्यावीशी वाटावी.

बरेच जण गेले. पोटापुढं कोण काय करणार? पण काही जण गेले नाहीत, आणि त्यांतला सगळ्यात ताठ म्हणजे धोंडीराम. मागावरचा कामगार, कुर्डुवाडीकडचा, उंच, मिशा पिळलेल्या. बायको वच्छला, आणि अंगावर पिणारी एक पोर. मागं वच्छला बाळंतीण झाली तेव्हा बजाबाईनं वाटीभर शिरा पाठवला. ह्या बहाद्दरानं संध्याकाळी वाटी साखरेनं शिगोशीग भरून परत केली. रिकामी वाटी परत करू नये हे मलाही ठाऊक आहे हो, पण चिमूटभर साखर घालतात. ह्यानं आमच्याच अंगावर उपकार चढवला.

"रांगेत उभं ऱ्हाऊन भीक न्हाय मागणार," असं तो माझ्या फळीपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला होता. चाळीनं ऐकलं, म्हणजे आता माघारी फिरायची वाट बंद. कुणी काही देऊ केलं की हात जोडून "हाय की घरात" म्हणायचा. वच्छलाचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. तिला पुरेसं अन्न नाही म्हटल्यावर दूध कुठून येणार? आणि दूध नाही म्हणजे पोर. आधी पोरीचं रडणं माझ्या मशीनच्या वर ऐकू यायचं. मग मशीन थांबवलं तरच ऐकू यायला लागलं. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की त्याच्या मिशा कात्रीनं उतरवाव्यात.

एका सकाळी धोंडीरामाच्या घरातून धूर नव्हता. आदल्या दिवशीही नव्हता, पण आदल्या दिवशी नळावर नागव्वाचं आणि नरसव्वाचं भांडण रंगात आलं होतं, तेव्हा लक्ष कुणाचं? त्यात आतून वच्छलाचा हुंदका आला, आणि पोरीचा आवाज मात्र नाही. नागव्वा आणि धोंडीरामाच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. हिनं कान लावला आणि ठरवूनच टाकलं.

"गेलं की रं लेकरू!" म्हणत ती बोळात आली. "थू तुमच्या जिनगानीवर! शेजारी लेकरू गेलं आन् तुमी तंगड्या पसरून बसलाय व्हय?"

बुट्टी निघाली. अख्खी भाकरी तेव्हा कुणाच्याच घरात नव्हती. कुणी अर्धी दिली, कुणी चतकोर. पण मयताला नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती. बजाबाईनं स्वतःच्या वाट्याची टाकली आणि माझ्याकडं बघितलं, तेव्हा माझीही गेली. डोळे पुसत आम्ही सगळे नागव्वाच्या मागून धोंडीरामाच्या दाराशी गेलो. तिनं दार ढकललं आणि सूर लावला, "अगं माझ्या सोन्याऽऽ..."

सूर तिथंच तुटला. पोर जिवंत होती. वच्छलाच्या मांडीवर, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, रडायचं त्राण नाही, पण छाती हलत होती. चूल गार. पिठाचा डबा पालथा. धोंडीराम धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, भिंतीला न टेकता ताठ बसलेला. भरल्या बुट्टीकडं बघून त्यानं विचारलं, "कोण मेलं?"

आता बघा, केवढा घोटाळा. जिवंत माणसाच्या घरात कडू घास घेऊन जायचं म्हणजे त्याच्या अंगणात तिरडी बांधायला घेण्यासारखंच. ह्याच्याहून थोडक्यावर आमच्याकडं डोकी फुटली आहेत. मी हळूहळू मागच्या मागं सरकत होतो. नागव्वानं चुलीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. 

मग ती म्हणाली, "तुझा चुलता मेला."

"कंचा चुलता?"

"केमचा."

"मला केमला चुलता न्हाय."

"न्हाय कसा? तुझ्या बापानं तुला समदं सांगितलंय व्हय?"

मागं कुणीतरी खोकलं. धोंडीरामाच्या मिशा थरथरायला लागल्या. "तार आली काय?"

"तार कशाला येतीय? टेसनावरनं माणूस आला व्हता, सांगून गेला. घाईत व्हता."

"नाव काय चुलत्याचं?"

"जोतीराम," नागव्वा पापणी न हलवता म्हणाली. "आन् हे बघ धोंड्या, बुट्टी माघारी न्यायची नसती. नेली तर खरंच कुणीतरी जातंय. तुझ्या घरात जायच्या वाटंवर कोण हाय, ते तूच बघ."

धोंडीरामानं पोरीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. वच्छला मान खाली घालून बसली होती. मग तो उठला, तांब्या घेतला, आम्हा सगळ्यांच्या मधून बाहेर नळावर गेला आणि टोपी काढून डोक्यावर पाणी ओतून घेतलं. सुतकाची अंघोळ. सगळ्या चाळीसमोर. ओल्या अंगानं परत आला आणि म्हणाला, "वाईट झालं. लई गुणाचा व्हता चुलता."

वच्छलानं बुट्टीत हात घातला. तुकडा पाण्यात बुडवायचीही तिला सबूर नव्हती. मला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. आलं नाही. घरी जाऊन मी बजाबाईवर उगीचच खेकसलो. ती म्हणाली, "पुसा डोळं आन् बसा मशीनीवर."

एका मयतावर तीन दिवस भागतात. चौथ्या दिवशी नागव्वानं जोतीरामाचा धाकटा भाऊ मारला. मग आणखी एक. धोंडीरामाची भावकी गावोगावी पटापट आडवी व्हायला लागली. मी म्हटलं, "चुलती राहिली की अजून." नागव्वा म्हणाली, "तिला ऱ्हाऊ दे. मागं बघणारं कुणीतरी पायजे." म्हणजे हिचा हिशेब बघा.

एकदा वाट सापडल्यावर चाळीतले बाकीचे ताठ लोकही सुतकात पडायला लागले. ज्यांच्याकडं अजून काही शिजत होतं, म्हणजे मी, टांगेवाला, हातमागवाले, ते तुकडे द्यायचे, आणि ज्यांच्याकडं शिजत नव्हतं त्यांचे नातेवाईक मरायचे. हुसेनबीच्या घरी तिच्या मावशीच्या नवऱ्याच्या नावानं बुट्टी गेली तेव्हा ती बिचारी गोंधळली. "मेरे खालू कू मरको दस बरस हुए, नागव्वा!"

"मग परत मेला म्हण. घे."

बायका बायकाच. खोट्या मयताला त्या खरं रडायला लागल्या. आधी तोंडदेखलं, मग एकीला आपली आई आठवली, दुसरीला भाऊ. केमच्या जोतीरामाला तर सगळ्या चाळीनं मिळून घडवला. त्याला पांढरा बैल होता, तो तापट होता पण मनाचा मोठा होता, लहानपणी त्यानं धोंडीरामाला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. ही जत्रेची गोष्ट खुद्द धोंडीरामानं सांगितली, आणि सांगताना टोपीनं डोळे पुसले. वच्छलाच्या अंगावर हळूहळू दूध यायला लागलं. पोरीचं रडणं पुन्हा मशीनच्या वर ऐकू आलं तेव्हा मी नागव्वाला म्हटलं, "केकाटतेय बघ, कामात लक्ष लागत नाही." ती म्हणाली, "तुझं कवा लागलं व्हतं?"

आणि एवढ्यात वेणीमाधवराव चाळीत आले. काही घरं रांगेत का येत नाहीत याची चौकशी करायला. पहिलं घर, मयत. दुसरं घर, मयत. तिसऱ्या घरी हुसेनबी डोक्यावर पदर ओढून बसलेली. चौथ्या घरी पोहोचेपर्यंत त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

"ही पटकीची साथ आहे," ते माझ्या फळीपाशी येऊन म्हणाले. "नगरपालिकेला कळवलं पाहिजे. चाळ रिकामी करून सगळ्यांना गावाबाहेर छपरांत हलवावं लागेल."

माझ्या हातातली सुई खाली पडली. छपरांत म्हणजे लेकराबाळांसकट माळावर, आणि गिरणी उघडली तर कामाची जागा दुसऱ्याला. आणि खरं सांगायचं म्हणजे घराघरातली उपासमार वेशीला टांगायची. धोंडीराम दारात उभा राहून ऐकत होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

नागव्वा पुढं आली. "हितं कुणी मेलं न्हाय, रावसाहेब. समदे परगावी मेलेत."

"एवढी सगळी माणसं? एकाच महिन्यात?"

"मरण काय इचारून येतंय व्हय?"

"कुठं कुठं मेले?"

"कोण केमला, कोण कुर्डुवाडीला, कोण गुलबर्ग्याला."

"अरे देवा! म्हणजे साथ जिल्ह्याबाहेरही पसरली आहे!" वेणीमाधवरावांनी डोळे मिटले.

आता हे तार करतायत जिल्हाधिकाऱ्याला, असं माझ्या मनात आलं. नागव्वानं त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा, तोही असा थोर. धरला आणि धोंडीरामाच्या घरात नेऊन बसवलं. "दुखवट्याला आलाय न्हवं? मग बसा. मयताच्या घरातनं घास खाल्ल्याबिगर जायचं नसतंय." आणि बुट्टीतला एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. पुढं झाली ती गंमत मी दारातून बघितली. वेणीमाधवराव तुकड्याकडं बघत राहिले. मग बुट्टीतल्या बाकीच्या तुकड्यांकडं. एक ज्वारीचा, एक बाजरीचा, एक शिळा, एक जळका, कुठल्याच दोन तुकड्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. मग गार चुलीकडं. मग वच्छलाच्या मांडीवरच्या पोरीकडं. त्यांनी तुकडा खाल्ला. कुणाच्या घरचा होता कोण जाणे, पण खाल्ला. डोळे उघडे ठेवून.

"मयताचं नाव काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"जोतीराम," धोंडीराम म्हणाला.

चार दिवसांनी मंडळ चाळीत आलं. तेही टोप्या आणि छत्र्यांसकट. वेणीमाधवरावांनी दुखवट्याचा ठराव वाचला. केमचे कैलासवासी जोतीराम हे कसे परोपकारी होते, त्यांच्या जाण्यानं समाजाची कशी न भरून येणारी हानी झाली, सगळं आलं त्यात. मग आम्ही सगळे, तेलुगू, कन्नड, मराठी, मुसलमान, जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्यासाठी हात बांधून, माना खाली घालून उभे राहिलो. मी बजाबाईकडं बघितलं नाही, नाहीतर फुटलो असतो. आणि 'शोकाकुल कुटुंबांच्या सांत्वनार्थ' ज्वारीची पोती चाळीच्या ओट्यावर उतरली. ना रांग, ना शपथ. सांत्वनाला कोण नाही म्हणतो?

जाताना वेणीमाधवराव नागव्वाजवळ थांबले. "आजी," ते हळूच म्हणाले, "कैलासवासींना आणखी भाऊ आहेत का?"

"लई हाईत," नागव्वा म्हणाली. "समदे आजारीच हाईत."

पुढं गिरणी उघडली. भोंगा वाजला तेव्हा बायका रडल्या, आणि या वेळी कुणी मेलं नव्हतं. घराघरातून धूर निघायला लागला, बुट्टी खुंटीला गेली. धोंडीरामाची पोर चालायला लागली, बोलायला लागली, आणि पहिली शिवी कन्नडमध्ये शिकली. कुणाकडून ते सांगायला नको.

इतकं सगळं झालं, पण नागव्वाच्या डोळ्यांत पडदा येत होता तो कुणाच्या ध्यानात आला नाही. चाळीवर लक्ष ठेवणारी ती, तिच्यावर कोण ठेवणार? कांड्या भरताना सूत तुटायचं, ते तिला दिसायचं नाही. नरसव्वा काही वाईट बाई नव्हती, पण तुटक्या सुताच्या कांड्या मागावर चालत नाहीत. तिनं हळूहळू सूत देणं बंद केलं. दोघी नळावर भांडेनाशा झाल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं. नागव्वा मात्र तशीच. दारात बसायची, मिसरी लावायची, माझा उद्धार करायची. रोज सकाळी माझ्या दुकानातल्या चिंध्या गोळा करून न्यायची. "गोधडी शिवायची हाय," म्हणायची. मी म्हणायचो, "किती गोधड्या? राजवाड्याला पांघरूण घालतेस काय?"

तिच्या घरातून रोज धूर निघत होता. तेव्हा कोण कशाला बघायला जातंय?

एका सकाळी वच्छला माझ्या फळीपाशी आली. पोर कडेवर. "भाऊजी," म्हणाली, "नागव्वाच्या घरात चूल पेटती, पण भाकरी थापल्याचा आवाज येत न्हाय. लई दिस झालं. भिंतीला कान लावून बसले मी, एक थाप न्हाय."

मशीनवरचा माझा पाय थांबला. "आणि धुराला वास कसला येतो?"

"कापूस जळल्याचा."

माझ्या चिंध्या. गोधडी नव्हती. कौलातून धूर निघावा म्हणून ही बाई रोज सकाळी रिकाम्या चुलीत माझ्या चिंध्या जाळत होती. ज्या धुरानं ती आम्हा सगळ्यांना पकडायची, त्याच धुरानं ती आम्हाला फसवत होती. आणि मी तिची टिंगल करत होतो. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

धोंडीराम रात्रपाळी करून झोपला होता. वच्छलानं उठवलं. त्यानं टोपी चढवली. सरळ जाऊन नागव्वाच्या दाराबाहेरची बुट्टी खुंटीवरून काढली आणि दारोदार फिरला. ह्यानं, ज्यानं वाटीभर शिऱ्याचाही उपकार ठेवला नव्हता, त्यानं दारोदार हात पसरला. नरसव्वानं डोळे पुसत टाकली. हुसेनबीनं टाकली. बजाबाईनं टाकली, खूण न करता. आणि त्यानं सगळ्या कडाकडा मोडल्या.

आम्ही दार ढकललं तेव्हा नागव्वा चुलीपुढं बसली होती. चुलीत चिंध्या, वर काही नाही. बुट्टी बघून तिनं डोळे बारीक केले. "कोण मेलं रं?"

"तुझी भैन," धोंडीराम म्हणाला.

"कंची भैन?"

"दुधनीची."

"मला दुधनीला भैन न्हाय."

"न्हाय कशी? तुझ्या बापानं तुला समदं सांगितलंय व्हय?"

नागव्वाच्या तोंडून जी शिवी निघाली ती इथं लिहिता येत नाही. "गाढवा! माझंच औषध मला पाजतोस? आन् आमच्यात सुतक न्हाय, ठावं हाय न्हवं?"

"सुतक नको पाळू," धोंडीराम तिच्यापुढं बसत म्हणाला. "घास तेवढा खा. बुट्टी माघारी नेता येत न्हाय, तूच सांगितलंयस."

चुलीतली चिंधी विझली. मग वेगळ्याच आवाजात, आम्ही कधी न ऐकलेल्या, तिनं विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

एवढं मात्र धोंडीरामानं ठरवलं नव्हतं. तो माझ्याकडं बघायला लागला, मी बजाबाईकडं. वच्छला म्हणाली, "गौरव्वा."

"गौरव्वा," नागव्वा म्हणाली. "माझ्याहून धाकटी असंल." आणि ती रडायला लागली. आधी सूर नाही, नुसते खांदे. मग मोठ्यानं, कन्नडमध्ये, नाव घेऊन घेऊन. कुणी नसल्याचा तोरा मिरवणारी ती बाई, कधी नव्हतीच त्या बहिणीसाठी इतकी रडली की आम्ही सगळे रडलो. रडत रडतच तिनं तुकडा उचलला. "कडक हाय," म्हणाली. "बजीच्या हातची असणार." त्या दिवसापासून ती होती तोवर नागव्वाचे नातेवाईक मरतच राहिले. असा एवढा मोठा गोतावळा राजालाही नसेल.

खरी गेली ती एका पहाटे, झोपेत. पहिल्यांदाच शिवी न देता काहीतरी केलं म्हणायचं. तिच्या रीतीप्रमाणं बसवून, भस्म लावून, सगळ्या चाळीनं तिला नेली. परत आलो, अंघोळी केल्या, आणि मग माझ्या ध्यानात आलं. चाळीतल्या कुठल्याच घरातून धूर नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण एकही चूल पेटली नव्हती. मग बुट्टी कोण काढणार? पोरं रडायला लागली होती.

शेवटी पलीकडच्या चाळीतल्या बायका भाकऱ्यांची टोपली घेऊन बोळात आल्या. सगळीच घरं गार बघून त्या घाबरल्या. "एवढ्या घरात मयत? कोण गेलं तुमचं?"

धोंडीराम माझ्या फळीला टेकून उभा होता. ओले केस, हातात ती बुट्टी. तो म्हणाला, "माझी केमची चुलती."